अहिराणी गाण्यावर घर चालवायचं म्हणजे

“गानं मस्त शे भाऊ, पन पैसा कितला भेटना?”

अमळनेरचं बसस्टँड असो, चोपड्याकडची हळद असो की सुरतेतला उधना भाग, कुणी ओळखलं की हे विचारतोच. आधी व्ह्यूज विचारतो, मग लगेच पैसा. विचारणाऱ्यांत गाणं काढायची इच्छा असलेली पोरंच जास्त. त्यांना उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा सगळं लिहून काढतो. मी काही मोठा संगीतकार नाही. आमच्या खानदेशातल्या अहिराणी बोलीतल्या गाण्यांना चाली लावतो, वाद्यमेळ बसवतो, लोकांची गाणी रेकॉर्ड करून देतो, आणि लगीनसराईत कीबोर्ड घेऊन बँडच्या गाडीवर बसतो. एवढ्यावर घर चालतं, पोरांच्या फिया वेळेवर जातात. माझ्या हिशेबी यश म्हणजे हेच. ज्यांना मुंबईत नाव काढायचंय त्यांनी हे वाचलं नाही तरी काही अडत नाही.

शिकलो दोन ठिकाणी. शाळेत असताना एका सरांकडे पेटी शिकायला जायचो. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा दिल्या. भूप, दुर्गा, काफी हाताखाली आले, तालाची मात्रा कळली. पण पोट भरायचं शिक्षण बँडमध्येच झालं.

खानदेशातला बँड बाहेरच्या माणसाला जरा समजावून सांगावा लागतो. क्लॅरिनेट-ट्रंपेटवाले आमच्याकडेही होते, अजून आहेत. पण आता बँड म्हटलं की डोळ्यासमोर गाडी येते. आयशरवर लोखंडी सांगाडा चढवलेला, पुढे भोंग्यांच्या रांगा, खाली बेसची खोकी, मागे जनरेटर, आणि मधल्या जागेत दाटीवाटीनं कीबोर्ड, ऑक्टापॅड, ढोलकी, गाणारा आणि गाणारी. गाडी पावलापावलानं सरकते आणि तिच्यापुढे अख्खं वऱ्हाड नाचतं. धुळे, नंदुरबार, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांत असे बँड आहेत आणि नावाजलेल्या बँडची तारीख मिळाली नाही तर लग्नाची तारीख पुढे ढकलणारे लोक मी पाहिले आहेत. यात थट्टा काही नाही.

आमच्या मास्तरांचा एक कायदा होता. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं, ते दाबलं की सूर आपोआप चढतात-उतरतात, बोटं तीच ठेवता येतात. मास्तर त्या बटणावर चिकटपट्टी लावून ठेवायचे. गाणारी बाई काळी पाच या पट्टीत गाते, तिच्यानंतर गाणारा पोरगा काळी एकमध्ये, तर मधल्या चार मात्रांत बोटांनीच पट्टी बदलायची. पहिली लगीनसराई मला रडू यायचं. पण त्यामुळेच आज एखादी आजी समोर बसून गायला लागली की तिचा सा कुठे आहे ते पहिल्या ओळीत कळतं, आणि माझं निम्मं काम तिथंच होतं.

दुसरी गोष्ट शिकवली ती पायांकडे बघायची. मास्तर म्हणायचे, की-बोर्डकडे काय बघतो, पाय बघ. पोरं नाचत असताना लय चढी ठेवायची, मामा-मावश्या मध्ये आल्या की किंचित उतरवायची, नवरदेवाच्या आईला लोकांनी ओढून आणलं की आणखी उतरवायची, कारण ती दमून बाजूला झाली तर यजमानाचा मूड गेला आणि बक्षीसही गेलं. लयीचा हा अंदाज कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत. मी आज स्टुडिओत गाण्याची लय ठरवतो ती मेट्रोनोमकडे बघून नाही, डोळ्यासमोर एक जाडसर मावशी उभी करतो. तिला नाचता आलं पाहिजे.

आणि वेळ. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. जुने वाजवणारे रात्ररात्र वाजवल्याच्या गोष्टी सांगतात. आमच्या वाट्याला ते नाही. पाव्हणे उशिरा जमतात, जेवणावळ लांबते, आणि पोलीस गाडी दहाला कोपऱ्यावर येऊन उभी राहते. म्हणजे वाजवायला मिळतात जेमतेम दोन तास. त्यात मुखडा ऐकल्याबरोबर जे पाय उचलत नाहीत ते गाणं गळतं. अहिराणी गाण्यांचे लांबलचक सुरुवातीचे तुकडे गेले आणि आठव्या-दहाव्या सेकंदाला मुखडा आला, त्याचं श्रेय लोक मोबाईलला देतात. मी थोडं दहाच्या पोलीस गाडीलाही देतो.

तुळशीचं लग्न लागलं की आमचा हंगाम सुरू होतो आणि ज्येष्ठात संपतो. चातुर्मासात बँडवाला रिकामा. मी त्या दिवसांत एका मोबाईलच्या दुकानात बसायचो. रिचार्ज मारायचा, कव्हर विकायचं, आणि मेमरी कार्डात गाणी भरून द्यायची. ते काम कायद्यात बसत नव्हतं हे उघडच आहे, गावोगावी चालायचं. पण तिथं बसून मला जे कळलं ते कुणी सांगितलं नसतं. लोक गायकाचं नाव घेत नसत, गाण्याचंही घेत नसत. “ते हळदनं भर”, “कानबाईनं भर”, “आखाजीनं भर” असं म्हणायचे. कानबाई म्हणजे आमच्याकडे श्रावणात बसणारी देवी, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. म्हणजे गिऱ्हाईक गाणं मागत नव्हतं, प्रसंग मागत होतं. मी वहीत लिहून ठेवायला लागलो: कोणत्या प्रसंगाची गाणी मागतात आणि कोणत्या प्रसंगाला नवं गाणंच नाही. पोरीच्या प्रेमावर ढिगानं गाणी होती. व्याह्याला टोमणे मारायचं, मामानं भाचीला उचलून न्यायचं, नवरीनं पहिल्या आखाजीला माहेरी यायचं, अशा प्रसंगांना जुनी बायकांची गाणी होती पण वाजवण्यासारखं रेकॉर्डिंग नव्हतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि मेमरी कार्डाचा धंदा बघता बघता आटला. वही माझ्याजवळ राहिली.

२०२० ची लगीनसराई मार्चमध्येच मोडली. पुढे परवानगी मिळाली ती पन्नास माणसांच्या लग्नाला. पन्नास माणसांत गाडी कोण बोलावतो? हप्त्यावर घेतलेल्या गाड्या उभ्या राहिल्या. काही मालकांनी सांगाडे उतरवून त्याच गाड्यांतून केळी आणि भाजीपाला वाहिला. माझ्याकडे तेवढंही नव्हतं. घराच्या मागच्या खोलीत, जिथं आधी कापूस साठवायचो, तिथं मी रेकॉर्डिंगची जागा केली.

खर्च सांगतो, कारण पोरांना वाटतं लाखो लागतात. एक ऑडिओ इंटरफेस (माईक लॅपटॉपला जोडणारी डबी), एक कंडेन्सर माईक, हेडफोन, जुना लॅपटॉप, एवढ्यावर सुरू होतं. कंडेन्सर माईकला इंटरफेसमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात, त्याचं बटण असतं. ते न दाबता माईक खराब निघाला म्हणून परत करायला निघालेले लोक मला भेटले आहेत. भिंतींना मायच्या गोधड्या. पत्र्याचं छप्पर होतं म्हणून वर ज्वारीचा कडबा टाकला, तरी पावसात रेकॉर्डिंग बंदच. सगळ्यात जास्त छळलं ते गुणगुणीनं. माईक लावला की मागून सतत ‘हुंऽऽ’. पन्नास हर्ट्झची घरातली वीज, आणि घराला अर्थिंगच नाही. गावातल्या जुन्या घरांत तिसरी पिन नुसती शोभेला असते. वायरमनला बोलावून अंगणात खड्डा केला, मीठ-कोळसा घालून अर्थिंगचा रॉड पुरला, तेव्हा ती गुणगुण गेली. हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत, कारण ते व्हिडिओ करणाऱ्यांच्या घरी अर्थिंग असतं.

आमच्याकडे रेकॉर्डिंगची खरी अडचण यंत्राची नाही, गाणाऱ्या बायकांची आहे. वाईट अर्थानं नाही. ज्यांना गाणी येतात त्या बायका पन्नाशी-साठीच्या. कानबाईच्या रात्री जागून गायलेल्या, आखाजीला झोक्यावर गायलेल्या. हेडफोन घातला की त्या गप्प होतात. क्लिक ट्रॅकवर, म्हणजे कानातल्या टिकटिकीवर, गा म्हटलं तर पहिल्या कडव्यात पुढे पळतात आणि दुसऱ्यात मागे राहतात. मी काही दिवस प्रयत्न केला आणि सोडून दिला. आता उलटं करतो. दोन-तीन बायकांना एकत्र बोलावतो, चहा होतो, पोरासोरांची चौकशी होते, आणि माईक चालू आहे हे कुणाला न जाणवता गाणं सुरू होतं. टाळी वाजवू देतो. नंतर लॅपटॉपवर त्यांच्या गाण्याची लय मोजतो, कुठे चढली कुठे उतरली ते बघून त्याच वळणानं ढोलकी आणि संबळ बसवतो. वेळ खूप जातो. एका गाण्याला आठवडा गेला तरी नवल नाही. पण ऐकणारी बाई लगेच म्हणते, हे आपल्या घरचं आहे. साच्यात बसवलेल्या गाण्याला ती असं म्हणत नाही.

तरुण गायिकांचं वेगळं. त्या तयारीनं येतात, मोबाईलवर ट्रॅक ऐकून पाठ करून येतात. त्यांच्यासोबत भाऊ किंवा नवरा येतो आणि रेकॉर्डिंग होईपर्यंत दाराशी बसून राहतो. त्याला मी आत बोलावतो, हेडफोन देतो, बहिणीचा आवाज ऐकवतो. पुढच्या वेळी ती एकटी येते.

मिक्सिंग मी दोनदा करतो. एक फोनसाठी. यूट्यूब आणि बाकीचे मंच मोठ्यानं भरलेलं गाणं आपणहून खाली आणतात, साधारण उणे १४ लफ्सच्या आसपास. लफ्स म्हणजे आवाजाचा मोठेपणा मोजायचं माप. त्यामुळे सगळं ठासून मोठं करण्यात अर्थ नाही, उलट ढोलकीची थाप मरते. दुसरं मिक्सिंग गाडीसाठी. भोंग्याला मधले सूर जास्त, खालचे जवळजवळ नाहीतच, आणि बाईचा आवाज त्यात चिरका होतो. म्हणून तिचा वरचा भाग थोडा कापावा लागतो आणि बेस वेगळा जाड करावा लागतो. जुन्या मालकांची गाडी अजून ओळखीची आहे. गाणं तयार झालं की पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्या वाड्यात जातो, जनरेटर चालू करतो आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहतो. तिथून शब्द कळले तर गाणं झालं.

आता पैशाकडे येतो.

यूट्यूबवर जाहिरातींचा वाटा मिळायला चॅनेलला १००० सबस्क्रायबर आणि गेल्या बारा महिन्यांत ४००० तास पाहणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज. ते झालं की नेहमीच्या व्हिडिओवरच्या जाहिरातींतले ५५ टक्के आपले. पहिले १० डॉलर जमा झाल्यावर गूगल घरच्या पत्त्यावर पडताळणीचा पिन नंबर पाठवतं, पोस्टानं. आमच्या पोस्टमन आबांनी ते पाकीट उजेडात धरून दोनदा पाहिलं. “गूगलनी काय धाडं व्हई तुले?” मग १०० डॉलर झाले की बँकेत. हे ऐकायला बरं वाटतं. पण लग्नाचं गाणं लोक बघत नाहीत, लावतात. एकदा डाउनलोड झालं की गाडीवाल्याच्या पेनड्राइव्हमध्ये जातं आणि शेकडो मांडवांत वाजतं, त्याचा एक व्ह्यू मोजला जात नाही. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून बारा महिन्यांत १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला काहीच मिळत नाही. आमच्या मावश्या स्पॉटिफायवर नाहीत.

चॅनेलनं मला पैशापेक्षा मोठी गोष्ट दिली ती सुरत. कोणत्या शहरातून गाणं ऐकलं जातं ते चॅनेलवर दिसतं. मला वाटलं होतं धुळे-जळगाव वर असेल. वर होती सुरत. नंतर विचार केला तर यात नवल काय? उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत आमच्याकडची किती घरं! कापडाच्या कामाला गेलेली, दोन-दोन पिढ्या तिथंच राहिलेली. ताप्ती रेल्वेमार्गावरची गाडी धरली की थेट सुरत. ती माणसं गावातल्यापेक्षा जास्त अहिराणी ऐकतात. नागपंचमीनंतरच्या रविवारी तिथं कानबाई बसते, रोटांचा नैवेद्य होतो, आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जन. म्हणजे आमच्या रिकाम्या श्रावणात तिकडे हंगाम. मी कानबाईचं गाणं आषाढातच सोडायला लागलो आणि वर्णनात संपर्क नंबर गुजराती लिपीतही टाकला. त्या श्रावणापासून मला मोबाईलच्या दुकानात बसावं लागलेलं नाही.

कानबाईच्या गाण्यावरूनच एक भानगड झाली. मायनं गायलेली पारंपरिक चाल घेऊन मी गाणं केलं, वाद्यमेळ माझा, रेकॉर्डिंग माझं. महिनाभरानं चॅनेलवर दावा आला. एका कंपनीनं त्याच चालीचं आपलं रेकॉर्डिंग कंटेंट आयडीत, म्हणजे सारखी गाणी ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत, घातलेलं होतं आणि यंत्राला दोन्ही सारखी वाटली. जाहिरातीचे पैसे त्यांच्याकडे वळणार. मायला सांगितलं तर ती भाकर थापता थापता म्हणाली, “हाई गानं ते मनी माय म्हने. त्यासनी कवय लिखं?” म्हणजे, हे गाणं तर माझी आई गायची, त्यांनी कधी लिहिलं?

तिचा प्रश्न मी जवळजवळ तसाच्या तसा हरकतीत लिहिला. दावा आल्यापासून पाच दिवसांच्या आत हरकत घेतली तर पहिल्या दिवसापासूनचे पैसे कुणालाच न देता अडकवून ठेवतात, म्हणून उशीर करायचा नाही. समोरच्याला उत्तराला ३० दिवस मिळतात. त्यांनी दावा कायम ठेवला, मी अपील केलं, तिथं त्यांना सात दिवस असतात. अपिलाबरोबर मी माझ्या रेकॉर्डिंगचे सुटे ट्रॅक, तारखांसकट, दाखवायची तयारी असल्याचं लिहिलं. पारंपरिक चाल कुणा एकाची नसते. त्यावर जो नवा वाद्यमेळ बांधला, जे रेकॉर्डिंग केलं, ते ज्याचं त्याचं. त्यांचं त्यांच्याकडे, माझं माझ्याकडे. दावा सुटला. तेव्हापासून प्रत्येक गाण्याचे सुटे ट्रॅक मी दोन हार्ड डिस्कवर ठेवतो, त्यातली एक बहिणीच्या घरी.

कागदाची सवय मात्र मला जिभाऊंमुळे लागली. जिभाऊ गाणी लिहितात, शेती करतात, अमळनेरच्या प्रताप कॉलेजात शिकलेले. आमच्या भागात गाणं विकण्याची पद्धत ठरलेली होती: लिहिणाऱ्याला एकदाच काही हजार, चाल लावणाऱ्याला काही हजार, गाणारीला साडी आणि पाकीट, आणि कोऱ्या कागदावर सह्या. जिभाऊंनी मला न विचारता कायद्याचं पुस्तक आणलं आणि ओटीवर बसून पेन्सिलीनं खुणा करत वाचलं. त्यातून जे निघालं ते असं. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशीच. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली तेव्हापासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कुठल्याही करारानं काढून घेता येत नाही. तो वारसाला जातो किंवा कॉपीराइट सोसायटीकडे देता येतो, बस. रेकॉर्डिंगचा मालक मात्र वेगळा. ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेऊन ते केलं तो निर्माता. म्हणूनच आम्ही दोघांनी ठरवलं की रेकॉर्डिंगचा खर्च होईल तितका आपणच करायचा, मग गाणी वर्षाला कमी निघाली तरी हरकत नाही.

दोघं आयपीआरएसचे सभासद झालो. १९६९ पासूनची ही संस्था, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटते. पॅन, बँकेचा तपशील, प्रसिद्ध झालेल्या गाण्याचा पुरावा द्यायचा आणि मग प्रत्येक गाणं नोंदवत जायचं. कोण लिहिणारा, कोण चाल लावणारा, कुणाचा किती वाटा. कंटाळवाणं काम आहे. सभासद होऊन गाणी न नोंदवणारे मला बरेच भेटतात आणि पैसे येत नाहीत म्हणून संस्थेला शिव्या देतात. गाण्याला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा कोड असतो, तोही जपून ठेवायचा. गाणं मंचांवर पोचवणारा वितरक बदलला तरी कोड तोच लावला तर जुना आकडा तुटत नाही. कॉपीराइट कार्यालयात नोंदणी करायलाच पाहिजे असं नाही, हक्क गाणं झाल्याबरोबर असतो. पण चालीला ५०० आणि रेकॉर्डिंगला २००० रुपये शुल्क आहे, वाद होईल असं वाटलं त्या गाण्यांची मी केली.

आता या सगळ्यातली गंमत. कायद्याच्या कलम ५२ मध्ये लग्नाला सूट आहे. धार्मिक समारंभात, आणि त्यात लग्नाची मिरवणूक व लग्नाशी जोडलेले कार्यक्रम आलेच, गाणं वाजवलं तर रॉयल्टी लागत नाही. जुलै २०२३ मध्ये केंद्राच्या उद्योग खात्यानं जाहीर सूचना काढून पुन्हा सांगितलं की लग्नात वाजणाऱ्या गाण्यांसाठी कुणी पैसे मागू नयेत. आणि अहिराणी गाणं सगळ्यात जास्त वाजतं ते लग्नात! म्हणजे ज्या ठिकाणी माझं गाणं हजारदा वाजणार तिथं मला कायद्यानं शून्य. जिभाऊ हे वाचून दोन दिवस नाराज होते. मला तसं वाटलं नाही. एक तर मी स्वतः गाडीवर बसून इतकी वर्षं दुसऱ्यांची गाणी वाजवली आणि त्याच सवलतीवर जेवलो. दुसरं, ज्या चालींवर मी उभा आहे त्या मांडवात गाणाऱ्या बायकांच्या. त्यांना कुणी विचारून घेतलं होतं? मांडवात गाणं मोकळं राहिलं पाहिजे.

आणि व्यवहार बघितला तरी ते तोट्याचं नाही. मामा-भाचीचं आमचं गाणं निघालं त्या वर्षी सगळ्या गाड्यांनी ते वाजवलं. मला छदाम मिळाला नाही. पण त्याच वैशाखात यजमानांचे फोन यायला लागले: ज्यांचं ते गाणं आहे तेच पाहिजेत, तीच गाणारी बाई पाहिजे. सुपारी वाढली, इसार आधी मिळायला लागला, बिदागीवर घासाघीस कमी झाली. मग इतर बँडवाले आपली गाणी करून घ्यायला माझ्या खोलीत यायला लागले. कुणी आपल्या गाडीच्या नावाचं गाणं मागतो, कुणी गावच्या यात्रेचं, कुणी निवडणुकीला उभं राहिलेल्या भावाचं. शेवटचं मी रोख घेतल्याशिवाय करत नाही.

तर माझ्या घरात पैसा येतो तो या क्रमानं: लग्नं आणि सुरतचे कार्यक्रम सगळ्यात जास्त, त्याखाली लोकांची रेकॉर्डिंग, मग यूट्यूब, आणि तळाला आयपीआरएस. तळाला असलं तरी ते उत्पन्न असं आहे की मी आजारी पडून खाटेवर असलो तरी येतं, आणि माझ्यानंतर साठ वर्षं पोरांना येत राहील. जिभाऊंच्या वहीत त्याचा हिशेब वेगळ्या पानावर आहे.

गाणारणीचं गणित मला अजून पटेल असं बसलेलं नाही. कायद्यानं कलाकारालाही व्यापारी वापरातला वाटा आहे, पण आमच्या भागात तो कुणी मागत नाही आणि कुणी देत नाही. मी रेकॉर्डिंगचे पैसे देतो, तिच्या नावावर आलेल्या सुपारीत तिला बरोबरीचा हिस्सा देतो आणि यूट्यूबच्या पैशातला भाग वर्षातून एकदा आखाजीच्या आधी खात्यावर टाकतो. साठीच्या मावश्यांना खात्यावर नको असतो, घरात कळतं म्हणून. त्यांना हातात. बाकीचे निर्माते मला म्हणतात तू भाव बिघडवतो. बिघडू दे.

पोरांनो, गाणं करायचं असेल तर आधी कोणत्या प्रसंगाचं ते ठरवून या, शब्द कुणाचे ते कागदावर लिहून आणा, आणि बाईचा आवाज असेल तर तिलाही सोबत आणा, नुसता तिचा व्हॉट्सॲपवरचा तुकडा नको. आषाढात या. तेव्हा मी रिकामा असतो आणि दरही कमी असतो, फक्त पाऊस थांबेपर्यंत ओटीवर बसायची तयारी ठेवा. लगीनसराईत फोन लावू नका, गाडीवर असलो की ऐकूच येत नाही.